आधी कामांची वही, मग लिनक्स

मैत्रिणींनो, मिक्सरचं भांडं गळायला लागलं तर आपण काय करतो? वॉशर बदलून आणतो आणि आणखी चार वर्षं काढतो. कुकरची शिट्टी, पंख्याचा कंडेन्सर, शिलाई मशीनचा पट्टा... या सगळ्याला आपल्याकडे उपाय असतो. पण घरातल्या लॅपटॉपबद्दल दुकानदार 'ताई, हा आता गेला' म्हणाला की आपण मुकाट्याने मान डोलावतो. कारण काय, तर 'त्यातलं आपल्याला कुठे कळतंय!'

गेल्या काही महिन्यांत हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू आलं असेल. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत दुरुस्ती, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. ज्यांनी नोंदणी केली त्यांना एक वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली, पण तेवढीच. आणि विंडोज ११ साठी जे निकष आहेत त्यात साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बसत नाहीत. त्याला ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. म्हणजे लॅपटॉप चालू आहे, कीबोर्ड शाबूत आहे, पडदा स्वच्छ दिसतोय, तरी तो 'जुना' ठरला.

अशा लॅपटॉपचं काय करायचं, याचं एक उत्तर म्हणजे लिनक्स. हे नाव ऐकलं की 'हे इंजिनीअर पोरांचं काम' असं वाटतं. मलाही कोणी इंजिनीअर म्हणणार नाही. मी बार्शीत राहते, आमच्या बचत गटाची सचिव आहे, आणि आम्ही पंधराजणी मिळून शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करून विकतो. पण गटाच्या लॅपटॉपवर कुठलं लिनक्स टाकायचं हे मी स्वतः ठरवलं. ते कसं ठरवलं, तेच आज सांगणार आहे.

लिनक्स म्हणजे नेमकं काय?

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने संगणकाचा गाभा चालवणारा एक प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. तोच लिनक्स. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो आणि जगातले सर्वांत ताकदवान पाचशे महासंगणकही. म्हणजे 'मी लिनक्स कधी वापरलं नाही' असं म्हणणाऱ्या बहुतेकजणी ते रोज खिशात घेऊन फिरतात!

आता नुसता गाभा आपल्या कामाचा नाही. त्याच्याभोवती खिडक्या, मेन्यू, लिहायचा प्रोग्राम, इंटरनेटचा ब्राउझर असं सगळं जमवून जो तयार संच देतात त्याला 'डिस्ट्रो' म्हणतात. आपला गोडा मसाला आठवा. धने, तीळ, खोबरं, दगडफूल सगळीकडे तेच, पण प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं. डिस्ट्रोचं तसंच आहे. असे संच शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक सगळे फुकट. इथेच नवखी बाई गोंधळते. फुकट आहे म्हणून आनंद, आणि शंभर आहेत म्हणून डोक्याला ताप.

सल्ले सगळ्यांचे, काम माझं

आमचा लॅपटॉप २०१६ चा. गटाच्या पहिल्या नफ्यातून घेतलेला. चार जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. सुरू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. त्यात गटाचा सगळा हिशेब: कुणी किती बचत भरली, कुणाचं कर्ज किती राहिलं, व्याज किती. पंधरा बायकांचा पैसा आहे हो! आमच्या गटात दोघीजणी अशा आहेत की त्यांच्या नावावर दुसरीकडे कुठेच एक रुपया शिल्लक नाही. त्यामुळे 'बघू, चालतंय तोवर चालवू' हे मला पटत नव्हतं. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या लॅपटॉपवरून बँकेची साइट उघडायची म्हणजे कडी न लावता झोपायचं.

दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्याच्यात काय राहिलं नाही आता. नवीन घ्या, पस्तीस-चाळीस हजारात चांगला येतो." चाळीस हजार म्हणजे चटणीची किती पाकिटं, याचा हिशेब मी तिथेच मनात केला आणि लॅपटॉप पिशवीत घालून घरी आले. घरी यजमानांचं म्हणणं, "उगाच हात लावू नकोस, आहे ते पण जाईल." पुण्याला इंजिनीअरिंग करणाऱ्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, सोप्पंय, लिनक्स टाक!" आणि एका दमात सहा नावं सांगितली. तिच्या मित्राने आणखी एक सांगितलं: काली. शेजारचा बारावीतला मुलगाही म्हणाला, "काकू, कालीच टाका, एकदम भारी."

चौकशी केल्यावर कळलं की काली लिनक्स हे संगणकाची सुरक्षा तपासणाऱ्या तज्ज्ञांसाठी बनवलेलं आहे. हॅकिंगचे व्हिडिओ बघून पोरांना ते भारी वाटतं. बचत गटाच्या हिशेबाला ते म्हणजे भाजी चिरायला ऑपरेशनची सुरी! तेव्हाच माझ्या लक्षात आलं की प्रत्येकजण आपापल्या आवडीचं नाव सांगतोय. माझं काम काय आहे, हे कुणीच विचारलं नाही.

मग मी वही काढली.

वहीत काय लिहिलं?

एका पानावर चार रकाने आखले. पहिल्यात काम, दुसऱ्यात ते किती वेळा लागतं, तिसऱ्यात आत्ता कशावर करते, चौथ्यात 'अडलं तर चालेल का'. यादी अशी झाली:

गटाचा हिशेब, दर आठवड्याला, एक्सेलवर, अडून चालणार नाही. बँकेची साइट, महिन्यातून चार वेळा, ब्राउझरवर, अडून चालणार नाही. मराठीत ठराव आणि पत्रं, महिन्यातून दोनदा, वर्डवर. चटणीच्या पाकिटांची लेबलं छापणं, दर पंधरा दिवसांनी. मुलाचे प्रवेशाचे अर्ज, वर्षातून काही वेळा. व्हॉट्सअॅप वेब, रोज. दुपारी यूट्यूब, अडलं तर... नाही, तेही अडून चालणार नाही!

ही यादी झाली आणि अर्धा प्रश्न सुटला. कारण यातली चार कामं नुसत्या ब्राउझरवर होतात आणि ब्राउझर सगळ्या लिनक्सवर असतो. वर्ड-एक्सेलच्या जागी 'लिबरऑफिस' नावाचा मोफत संच येतो. तो वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतो आणि त्याच प्रकारात साठवूनही देतो. म्हणजे बँकेला किंवा सीएला फाइल पाठवली तर त्यांना फरक कळत नाही.

पण मैत्रिणींनो, तुमच्या यादीत जर पुढची कामं असतील तर थांबा. टॅली, कोरल ड्रॉ, फोटोशॉप हे विंडोजसाठी आहेत, लिनक्ससाठी त्यांची आवृत्ती नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स यांचा व्यवसाय असेल किंवा टॅलीवर चार दुकानांचे हिशेब लिहीत असाल तर घाई नको. जिच्या मुलीची एमएस-सीआयटी किंवा सरकारी टायपिंगची परीक्षा आहे तिने केंद्रावर जे शिकवतात तेच घरी ठेवावं. आणि डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली लावून करायची कामं असतील तर ज्यांनी किल्ली दिली त्यांना आधी विचारावं. लिनक्स चांगलं आहे म्हणून आपल्या पोटावर पाय आणायचा नाही.

आजी, आई आणि लेकी

यादी हातात आल्यावर नावांकडे वळले. आणि मग या नावांतलं नातं कळलं, ते मला फार आवडलं.

सगळ्यांत थोरली डेबियन. १९९३ साली इयान मरडॉक या तरुणाने ती सुरू केली आणि नाव ठेवलं ते डेब्रा या आपल्या मैत्रिणीचं आणि स्वतःचं मिळून. डेब आणि इयान, डेबियन. पुढे त्यांचं लग्नही झालं. ही आजी अतिशय भरवशाची, पण नवख्या माणसाशी फारसं गोड बोलत नाही.

तिची लेक उबुंटू. २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी सुरू केली. 'सामान्य माणसांसाठी लिनक्स' हाच तिचा हेतू होता. २०११ पर्यंत तर मागणी नोंदवली की तिची सीडी जगभर फुकट पोस्टाने घरपोच यायची. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एक दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात.

उबुंटूच्या दोन लेकी आपल्या कामाच्या. एक लिनक्स मिंट, २००६ सालची, क्लेमाँ लेफेव्र यांनी आयर्लंडमध्ये सुरू केलेली. दुसरी झोरिन, तीही आयर्लंडचीच, झोरिन आडनावाच्या दोघा भावांची. झोरिनची साधी आवृत्ती फुकट आहे, जास्तीच्या सोयी हव्या असतील तर पैसे देऊन घ्यायचीही एक आहे.

भाचीने सांगितलेल्या यादीतली आणखी दोन नावं म्हणजे फेडोरा आणि आर्च. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीचे अपडेट वर्षभरच्या आसपास मिळतात. म्हणजे दरवर्षी नवा संसार मांडायचा. आर्चमध्ये तर बरंचसं आपलं आपणच जुळवायचं असतं. ज्यांना आवड आहे त्यांना मजा येत असेल. मला दर शनिवारी बैठकीत हिशेब वाचून दाखवायचा असतो, मला मजा नको, काम हवं. दोन्ही नावांवर काट मारली.

आपल्या देशाचंही एक लिनक्स आहे बरं का. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेलं 'बॉस', तेही डेबियनच्याच घराण्यातलं. आणि केरळातल्या सरकारी शाळांमध्ये तर कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकवतात. तिथले मास्तर-बाई आणि पोरं जर हे चालवतात, तर आपल्याला न जमायला काय झालं?

साडी अंगावर टाकून बघायची

लिनक्सची सगळ्यांत छान गोष्ट मला अजून सांगायचीच आहे. ते लॅपटॉपमध्ये न टाकता वापरून बघता येतं! दुकानात साडी घडी मोडून खांद्यावर टाकून बघतो ना, तसं. पेनड्राइव्हमध्ये लिनक्स भरायचं, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, हवं ते करून बघायचं आणि बंद करायचं. पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप पुन्हा जसाच्या तसा. आतल्या फाइलला धक्का नाही.

त्यासाठी आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. लिनक्सची फाइल काही जीबीची असते. ती त्या-त्या लिनक्सच्या मूळ साइटवरूनच उतरवायची, दुसरीकडून कुठूनही नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या साइटमध्ये घुसून कुणीतरी खोट्या फाइलची लिंक ठेवली होती. त्यांनी ते लगेच जाहीर केलं आणि बंदोबस्तही केला. पण म्हणूनच फाइल खरी आहे की नाही हे पडताळायचा एक आकडा साइटवर दिलेला असतो. तो जुळवून घ्यायचा. हे काम मी भाचीकडून फोनवर शिकून घेतलं, पाच मिनिटांचं आहे. मग रूफस किंवा बॅलेना इचर या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

लॅपटॉप सुरू करताना लगेच एक बटण दाबायचं असतं, म्हणजे 'कशावरून सुरू करू' असं तो विचारतो. कुणाचं एफ १२, कुणाचं एफ ९, कुणाचं एस्केप. कंपनीप्रमाणे वेगळं असतं, विचारून घ्या.

मी एकच पेनड्राइव्ह तीनदा भरून तिघींना दोन-दोन दिवस वापरून बघितलं. प्रत्येकीला तीच परीक्षा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर ओळखते का, हिशेबाची फाइल उघडते का, मराठी लिहिता येतं का.

उबुंटू दिसायला देखणी, पण मांडणी वेगळी. बटणांची पट्टी डाव्या बाजूला उभी. आमच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर ती दमल्यासारखी वाटली. नव्या, जास्त रॅमच्या लॅपटॉपवर ती छान चालत असणार. झोरिन अगदी विंडोजसारखी दिसते. ज्या घरात सासूबाई किंवा यजमान 'माझं बटण कुठे गेलं' म्हणून ओरडणार असतील तिथे ही चांगली. मिंटचा मेन्यूही खाली डाव्या कोपऱ्यात, जुन्या विंडोजसारखाच. शिवाय मिंट तीन रूपांत मिळते: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन सजलेली, एक्सएफसीई सगळ्यांत हलकी, माटे मधली. मिंटला कमीत कमी दोन जीबी रॅम लागते आणि चार जीबी असली तर आरामात चालते, असं तेच सांगतात.

वहीत तिघींचे गुण मांडले. आमच्या जुन्या लॅपटॉपला, आमच्या कामांना मिंट एक्सएफसीई बसली. तिच्या बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तोवर ही चिंता मिटली. पण तुमच्या वहीत उबुंटू पहिली येऊ शकते, झोरिनही येऊ शकते. माझं उत्तर उतरवून घेऊ नका, माझी रीत घ्या.

मराठीचं काय?

हा प्रश्न मला बैठकीत सगळ्यांत आधी विचारला गेला. तर मराठी उत्तम चालते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांची यादी असते, त्यात इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिकही. इनस्क्रिप्ट म्हणजे सरकारने ठरवलेली मांडणी, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला आणि स्वर-काने-मात्रा डावीकडे. मेन्यूही मराठीत करता येतात, मधूनमधून इंग्रजी शब्द राहतात तेवढंच.

जुन्या फाइलींची मात्र तयारी ठेवा. आमची लेबलं दहा वर्षांपूर्वी एका डीटीपीवाल्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये करून दिली होती. ती उघडली तर 'शेंगदाणा चटणी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! विंडोजमधला तो फॉन्ट कॉपी करून मिंटमध्ये टाकला तेव्हा चटणी परत मराठीत आली. पण कायमचा उपाय एकच, लेबलं युनिकोडमध्ये नव्याने लिहून घेणं. ते आम्ही एका दुपारी दोघींनी बसून केलं. आता ती लेबलं फोनवरही वाचता येतात. पत्रांमध्ये विंडोजचा मंगल फॉन्ट असेल तर त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येतो आणि ओळी थोड्या सरकतात. म्हणून बाहेर पाठवायचं असेल तेव्हा पीडीएफ करून पाठवावं, कुणाकडेही सारखंच दिसतं.

आणखी एक अडचण खरी-खरी सांगते. हिशेबाच्या एका फाइलमध्ये बटण दाबलं की व्याज निघायचं, ते बटण लिबरऑफिसमध्ये चाललं नाही. एक्सेलचे असे मॅक्रो इथे चालतीलच असं नाही. आम्ही त्याऐवजी साधं सूत्र घातलं. आणि गंमत म्हणजे, त्यानिमित्ताने व्याज कसं निघतं हे गटातल्या आणखी तिघींना कळलं. आधी सगळ्याजणी बटणावर विश्वास ठेवायच्या!

जुनं पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं

लिनक्स कायमचं टाकताना एक पर्याय येतो, 'डिस्क पुसून टाका'. तो दाबला की आधीचं सगळं जातं. विंडोजच्या शेजारी लिनक्स ठेवायचाही पर्याय असतो. पण मी तिसरीच वाट धरली, आणि ती तुम्हालाही सुचवते.

जुनी हार्ड डिस्कच काढून घेतली आणि तिच्या जागी नवी एसएसडी बसवली. मला ती दोन हजारांच्या आसपास पडली, बसवायचे तीनशे वेगळे. मिंट त्या नव्या डिस्कवर टाकली. जुनी डिस्क, विंडोज आणि दहा वर्षांच्या हिशेबासकट, तशीच कपाटात गटाच्या कागदपत्रांच्या पेटीत. समजा नाहीच जमलं तर ती परत लावायची, की पहिल्यासारखं. यजमानांची 'आहे ते पण जाईल' ही भीती तिथेच संपली. शिवाय लॅपटॉपचा वेग वाढला तो निम्मा या एसएसडीमुळेच. चहा टाकायच्या आत सुरू होतो आता!

जुनी डिस्क केसमध्ये घालून यूएसबीने लावली की मिंट तिच्यातल्या फाइल वाचते. फक्त तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा, आधी लिहून ठेवा. आणि काहीही करण्याआधी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक छापील, हे पाळायचंच. कागद कधी हँग होत नाही.

मिंट टाकायला अर्धा तास लागला. भाची व्हिडिओ कॉलवर होती, पण हात माझे होते. नंतर 'टाइमशिफ्ट' नावाचा प्रोग्राम चालू करून ठेवला. तो यंत्रणेची एक स्थिती जपून ठेवतो. काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. तो आपल्या फाइलींची प्रत ठेवत नाही हं, ती वेगळी ठेवायची.

एक फायदा तर सहजच झाला. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होऊन बसायचे, आठवतंय? ते विंडोजचे व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत. म्हणून लिनक्स अगदी अभेद्य आहे असं नाही. खोटी लिंक दाबली, ओटीपी सांगितला तर कुठलंही यंत्र वाचवणार नाही. आणि कोपऱ्यातली ढालीची खूण अपडेट आलेत म्हणून सांगते, तेव्हा ते टाकायचे. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आधी बॅटरी भरलेली आहे ना ते बघायचं.

तुमच्यासाठी थोडक्यात

• आधी आठवडाभर वहीत लिहा: लॅपटॉपवर मी नेमकं काय करते?
• टॅली, कोरल ड्रॉ, फोटोशॉप, डिजिटल स्वाक्षरी यातलं काही असेल तर आधी चौकशी.
• जुना, चार जीबीचा लॅपटॉप: मिंट एक्सएफसीई बघा. आठ जीबी असेल तर मिंट सिनॅमन, झोरिन, उबुंटू तिन्ही बघा.
• पेनड्राइव्हवरून निदान दोन दिवस वापरा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, मराठी आणि तुमची सगळ्यांत महत्त्वाची फाइल, सहाही तपासा.
• फाइलींच्या दोन प्रती. जमलं तर जुनी डिस्क तशीच ठेवा.
• 'भारी' आहे म्हणून नाही, दीर्घ मुदतीचे अपडेट आहेत म्हणून निवडा.

आमच्या गटाच्या अध्यक्षबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. परवा त्या लॅपटॉपवर स्वतः हिशेबाची फाइल उघडून बसल्या होत्या. बँकेचे साहेब आले होते, त्यांनी विचारलं, "हे कुठलं विंडोज आहे?" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे विंडोज नाही, मिंट आहे. आम्ही बघून, पारखून घेतलंय."

साहेबांनी तिथेच बसून नाव लिहून घेतलं. त्यांच्या घरीही म्हणे एक २०१७ चा लॅपटॉप पडून आहे.